वाळूची वहिवाट : ऑरेगनचा सागरतीर आणि थंड पाण्यातील सर्फिंग

कॅप्टन जेम्स कुक याच्या तिसऱ्या आणि अखेरच्या सफरीचा वृत्तांत लंडनमध्ये १७८४ साली तीन खंडांत प्रसिद्ध झाला. या वृत्तांतातील दोन नोंदींचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका त्या काळच्या कोणाही वाचकाला येण्याचे कारण नव्हते. पहिली नोंद ७ मार्च १७७८ ची आहे. हवाई बेटांकडून ईशान्येच्या रोखाने निघालेल्या कुकच्या जहाजांना त्या दिवशी उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा दिसला. परंतु वारा, पाऊस आणि खवळलेला समुद्र यांमुळे किनाऱ्याशी लागणे अशक्य झाले. समोर दिसणाऱ्या भूशिरास कुकने 'केप फाउलवेदर', म्हणजे वादळी हवेचे भूशिर, असे नाव दिले आणि जहाजे दूर नेली. दुसरी नोंद, कुकच्या मृत्यूनंतर वृत्तांत पुरा करणाऱ्या लेफ्टनंट जेम्स किंग याच्या हातची आहे. हवाईतील केआलाकेकुआ उपसागरात तेथील लोक लांबट फळ्यांवर पालथे पडून फुटत्या लाटेबरोबर किनाऱ्याकडे झेपावताना त्याने १७७९ साली पाहिले, आणि जे दृश्य युरोपीय खलाशाला प्राणघातक वाटले ते या लोकांना निव्वळ करमणुकीचे वाटते याचे त्याने आश्चर्य नोंदविले.

आज त्याच केप फाउलवेदरच्या दक्षिणेस, अगदी पायथ्याशी, ऑटर रॉक नावाची वस्ती आहे. तेथील पुळणीवर वर्षाच्या बाराही महिने काळा रबरी पोशाख घातलेली माणसे फळ्या काखेत मारून पाण्यात शिरताना दिसतात. त्यांत नवशिकेही पुष्कळ असतात. एकाच ग्रंथातील दोन नोंदी अशा रीतीने एका जागी आल्या. त्यांना एकत्र यावयास पावणेदोनशेहून अधिक वर्षे लागली. हे कसे घडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, रबरी पोशाखाचा शोध लागला आणि थंड किनारे खेळाडूंना खुले झाले. हे उत्तर खोटे नाही. पण ते अपुरे आहे, इतकेच नव्हे तर त्यात क्रमाचा विपर्यास आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पोशाखाने माणसाला पाण्यात टिकविले. पाण्यापर्यंत जाण्याचा अधिकार मात्र त्याला पोशाखाने दिलेला नाही. तो अधिकार दुसऱ्याच इतिहासातून आला आहे, आणि त्या इतिहासात एक अशी गोष्ट दडलेली आहे की जिच्याकडे सर्फिंगच्या लोकप्रिय इतिहासकारांनी क्वचितच लक्ष दिले.

प्रथम समुद्राविषयी. ज्याला कोकणच्या समुद्राची सवय आहे, अशा वाचकाला ऑरेगनच्या पाण्याची कल्पना येणे कठीण. ऑरेगन राज्याचा किनारा उत्तरेस कोलंबिया नदीच्या मुखापासून दक्षिणेस कॅलिफोर्नियाच्या सीमेपर्यंत सुमारे ३६० मैल लांब आहे. लाव्हारसाची काळी भूशिरे समुद्रात घुसलेली, त्यांच्या मधल्या खाचांत वाळूच्या पुळणी, आणि माथ्यावर स्प्रूस वृक्षांचे दाट रान, असे त्याचे सर्वसाधारण रूप आहे. भर उन्हाळ्यातही येथील पाण्याचे तापमान स्थूलमानाने १० ते १४ अंश सेल्सिअस असते. किंबहुना कित्येकदा उन्हाळ्यातच पाणी अधिक थंड होते. याचे कारण असे की, त्या ऋतूत वारा उत्तरेकडून किनाऱ्यास समांतर वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी वाऱ्याच्या दिशेच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेस खोल समुद्राकडे, ढकलले जाते, आणि त्याची जागा घेण्यासाठी तळाचे गार पाणी वर येते. या क्रियेची गणिती उपपत्ती स्वीडिश शास्त्रज्ञ एकमन याने १९०५ साली मांडली. ऊन डोक्यावर असताना पाय मात्र बधिर व्हावेत, असा अनुभव येथे येतो तो यामुळेच. शिवाय भरतीच्या लाटांबरोबर प्रचंड ओंडके वाहून येतात व अवचित आलेली मोठी लाट ते उचलून माणसावर लोटते. येथील पुळणीवर जागोजागी याविषयी इशाऱ्याचे फलक आहेत, ते उगाच नव्हेत.

परंतु थंडी हा अनुल्लंघनीय अडसर होता काय? उत्तर कॅलिफोर्नियातील सांताक्रूझ या गावचे एक उदाहरण येथे विचारात घ्यावयास हवे. ऑरेगनच्या मानाने तेथील पाणी थोडे सौम्य, तरी थंडच. १८८५ च्या जुलै महिन्यात सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी तीन हवाईयन राजपुत्रांनी, योना कुहिओ कलानिआनाओले, डेव्हिड कवानानाकोआ आणि एडवर्ड केलिआहोनुई यांनी, लाटांवर फळ्या चालविल्या. हे तिघे सॅन मॅटेओ येथील शाळेत शिकत होते, आणि फळ्या त्यांनी त्या प्रदेशातील रेडवूड लाकडाच्या करवून घेतल्या होत्या. स्थानिक वृत्तपत्राने त्या महिन्यात या प्रसंगाची दखल घेतली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील सर्फिंगचा हा आजवर ठाऊक असलेला पहिला लिखित उल्लेख होय. यांपैकी कुहिओ हा पुढे हवाईचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकन काँग्रेसमध्ये अनेक वर्षे बसला. अमेरिकेत या खेळाचा प्रारंभ उबदार दक्षिण कॅलिफोर्नियात झाला, असे आजही पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते. वस्तुतः पहिला लेखी पुरावा थंड पाण्याचा आहे, आणि तो रबरी पोशाखाच्या सहा दशकांहून अधिक आधीचा आहे.

तेव्हा पोशाखाने अशक्य ते शक्य केले, असे म्हणता येत नाही. त्याने काय केले, ते मर्यादेसह सांगावयास हवे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने १९५१-५२ च्या सुमारास, नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांचा प्रश्न समोर ठेवून, निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसापासून पोशाख तयार केला. त्यामागचा विचार मार्मिक होता. तोवर सर्वांची धडपड शरीर कोरडे ठेवण्याची होती. ब्रॅडनरच्या ध्यानात आले की, शरीर ओले झाल्याने बिघडत नाही. ऊब धरून ठेवण्याचे काम रबरातील बंद वायूच्या बुडबुड्यांनी केले म्हणजे झाले. त्याच सुमारास जॅक ओनील याने सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकाठी आपले सर्फिंगच्या साहित्याचे दुकान थाटले व हा पोशाख पाणबुड्यांकडून लाटांवरील खेळाडूंकडे आणला; १९५९ साली तो सांताक्रूझ येथे स्थायिक झाला. पहिला मान कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला आहे. तो येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. परिणाम एवढाच की, जेथे माणूस पंधरा-वीस मिनिटे टिकत असे तेथे तो तासन्‌तास टिकू लागला, आणि उन्हाळ्याचा खेळ वर्षभराचा झाला. ऑरेगनमधील तरुणांनी १९६० च्या दशकाच्या प्रारंभी सीसाइड, अगेट बीच, ऑटर रॉक या पुळणींवर फळ्या नेल्या, त्या या पार्श्वभूमीवर.

'नेल्या' हे क्रियापद मात्र नीट तपासून पाहिले पाहिजे. फळी लाटेपर्यंत नेण्यासाठी कोरडी वाळू तुडवावी लागते. ती वाळू कोणाची?

ऑरेगनमध्ये या प्रश्नाचा इतिहास प्रवासापासून सुरू होतो. करमणुकीचा संबंध त्यात फार पुढे येतो. एकोणिसाव्या शतकात या किनाऱ्यावर सलग रस्ता नव्हता. डोंगर आणि रान यांतून रस्ता काढण्यापेक्षा ओहोटीने उघडी पडलेली घट्ट ओली वाळू हाच चांगला मार्ग होता. अम्पक्वा नदीच्या मुखापासून कूस बे पर्यंत टपालाच्या व उतारूंच्या घोडागाड्या वाळूवरून धावत, आणि त्यांचे वेळापत्रक ओहोटीच्या वेळांवर ठरे. कॅनन बीचच्या दक्षिणेस 'हग पॉइंट' म्हणून एक खडक आहे. नावाचा अर्थ कवटाळण्याचे टोक. गाडीवानाला ओहोटीची वाट पाहून त्या खडकाला अक्षरशः बिलगून गाडी काढावी लागे. पुढे तेथे खडक फोडून अरुंद वाट करण्यात आली. चाकांच्या चाकोऱ्या त्या खडकात आजही स्पष्ट दिसतात. या विषयातील सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज कोणता, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक त्या चाकोऱ्यांकडे बोट दाखवील.

१८९९ साली राज्याच्या विधिमंडळाने क्लॅट्सॉप परगण्यातील सुमारे तीस मैलांची पुळण सार्वजनिक राजमार्ग म्हणून जाहीर केली. पण त्याच काळात राज्य भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील जमिनी खाजगी लोकांस विकत होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर असा सुमारे २३ मैलांचा पट्टा विकला गेला होता. १९११ साली गव्हर्नर झालेल्या ऑस्वल्ड वेस्ट याने ही विक्री थांबविण्याची युक्ती काढली. समुद्रकिनारा लोकांसाठी राखून ठेवा, असे म्हटले असते तर विधिमंडळाने ते मान्य केले असते असे वाटत नाही. त्याऐवजी त्याने एक अगदी त्रोटक विधेयक मांडले : कोलंबियापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा सारा किनारा, सामान्य भरती आणि नीचतम ओहोटी या दोन रेषांमधील, राजमार्ग समजावा. पैशाचा खर्च न करता राज्याला मैलोगणती रस्ता मिळतो, यावर कोण हरकत घेणार? १९१३ च्या फेब्रुवारीत कायदा झाला. रस्ता हे निमित्त होते आणि समुद्र हे उद्दिष्ट होते, हे वेस्टने स्वतःच पुढे मोकळेपणाने सांगितले.

पुढे खरोखरीचा रस्ता आला. किनाऱ्याचा महामार्ग १९३० च्या दशकात पुरा झाला आणि कॉन्डे मॅक्‌कलो या अभियंत्याने खाड्यांवर बांधलेले पाच मोठे पूल १९३६ मध्ये वाहतुकीस खुले झाले. गाड्या वाळूवरून डांबरावर गेल्या. वाळूचा कायदेशीर दर्जा मात्र लोकांच्या हाती राहिला. आणि त्याच महामार्गाने नद्यांच्या खोऱ्यांतील शहरांतून हजारो कुटुंबांना समुद्रकाठी आणले. कालांतराने कायद्यातील 'राजमार्ग' हा शब्द जाऊन तेथे करमणुकीचे क्षेत्र हा शब्द आला. येथवर सर्व सुरळीत होते. परंतु वेस्टच्या कायद्याने संरक्षिलेली वाळू ओली होती. भरतीच्या रेषेपासून वरच्या गवता-झुडपांपर्यंतची कोरडी वाळू, जिच्यावर माणसे बसतात, शेकोटी करतात, कपडे बदलतात, ती कागदोपत्री लगतच्या जमीनमालकांची होती. अर्धे शतक हे कोणाच्या फारसे ध्यानात आले नाही.

१९६६ च्या उन्हाळ्यात ते ध्यानात आले. कॅनन बीच येथील एका मोटेलच्या मालकाने समोरच्या कोरड्या वाळूला कुंपण घालून ती आपल्या पाहुण्यांपुरती राखली, आणि इतरांना हटकण्यात येऊ लागले. यातून १९६७ च्या अधिवेशनात किनाऱ्याचे विधेयक आले. ते समितीत अडकून पडले. त्याचे पुनरुज्जीवन झाले ते मुख्यतः वृत्तसंस्थेचा बातमीदार मॅट क्रेमर याच्या बातम्यांमुळे आणि गव्हर्नर टॉम मॅक्‌कॉल याच्या नाट्यमय स्वभावामुळे. १३ मे १९६७ रोजी मॅक्‌कॉल शास्त्रज्ञ व मोजणीदार यांना बरोबर घेऊन हेलिकॉप्टरने कॅनन बीचवर उतरला आणि लोकांच्या हक्काची रेषा कोठे यावी, हे त्याने वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांसमोर वाळूवरच दाखविले. समुद्रसपाटीपासून सोळा फूट उंचीची ती रेषा होती. ६ जुलै १९६७ रोजी विधेयकावर त्याची सही झाली. राजकारणातील देखाव्याविषयी आपण सहसा तिरस्काराने बोलतो. या प्रसंगी देखाव्याने जे साधले ते समितीतील युक्तिवादाने साधले नसते, हे कबूल केले पाहिजे.

कायद्याने मात्र नवा हक्क निर्माण केला नव्हता. दीर्घ वापराने लोकांस हक्क प्राप्त झाला आहे, असे गृहीत धरून त्याने त्याचे रक्षण केले होते. हे गृहीतकृत्य न्यायालयात टिकणार काय, हाच खरा प्रश्न होता. 'थॉर्न्टन विरुद्ध हे' या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ डिसेंबर १९६९ रोजी त्याचे उत्तर दिले. खालच्या न्यायालयाने चिरभोगाच्या तत्त्वावर, म्हणजे विशिष्ट जमिनीच्या दीर्घकाळ चाललेल्या वापरावर, निकाल लोकांच्या बाजूने दिला होता. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती आल्फ्रेड गुडविन यांनी निकाल कायम केला, पण आधार बदलला. चिरभोग तुकड्या-तुकड्याने सिद्ध करावा लागतो. सबंध किनाऱ्यासाठी एकच तत्त्व हवे. ते त्यांना इंग्लिश विधीतील रूढीच्या सिद्धांतात सापडले. आपल्याकडील 'वहिवाट' हा शब्द या दोन्ही कल्पनांना जवळचा आहे, आणि त्यात 'वाट' ऐकू येते म्हणून या विषयाला तो विशेष शोभतो.

अठराव्या शतकातील इंग्लिश विधिपंडित ब्लॅकस्टोन याने रूढी ग्राह्य ठरण्यासाठी सात कसोट्या सांगितल्या आहेत : ती प्राचीन असावी, अखंड असावी, निर्विवाद चाललेली असावी, वाजवी, निश्चित आणि बंधनकारक असावी, व अन्य रूढींशी विसंगत नसावी. पहिल्या दोन कसोट्यांपाशीच अडचण उभी राहते. इंग्लिश विधीत 'प्राचीन' म्हणजे ११८९ सालापूर्वीचे. ऑरेगन हे राज्य झाले १८५९ साली. एकशेदहा वर्षांच्या राज्यात स्मरणातीत रूढी आणावयाची कोठून?

न्यायालयाने ती मूळ रहिवाशांकडून आणली. युरोपीय वसाहतवाले आले तेव्हा येथील लोक झाडीच्या रेषेच्या पुढील वाळू शिंपले खणण्यासाठी व चुली पेटविण्यासाठी नेहमीच वापरीत होते, आणि नव्यांनी तीच चाल पुढे चालू ठेवली, असा निकालपत्राचा आशय आहे.

वस्तुस्थिती म्हणून यातील पहिला भाग निःसंशय खरा आहे, आणि त्याला नेमक्या त्याच वाळूवरील साक्षही उपलब्ध आहे. १८०६ च्या जानेवारीत विल्यम क्लार्क हा सॅकॅजवीया आणि काही सहकारी यांच्यासह किनाऱ्याला लागलेला देवमासा पाहण्यासाठी डोंगर ओलांडून आजच्या कॅनन बीचच्या जागी पोहोचला. तो येईपर्यंत टिलामुक लोकांनी माशाचा सांगाडा तेवढा शिल्लक ठेवला होता. लाकडी द्रोणीत तापविलेले दगड टाकून चरबी वितळविण्याचे काम चालू होते. क्लार्कला मिनतवारीने सुमारे तीनशे पौंड चरबी आणि थोडे तेल विकत मिळाले. याच लोकांच्या व त्यांच्या शेजाऱ्यांच्या होड्या ज्या लाटांतून सहज जात त्या पाहून क्लार्कच्या तुकडीने थक्क झाल्याचे लिहून ठेवले आहे. वाळू, लाटा आणि चुली, सर्व येथे आहे.

दुसरा भाग, म्हणजे 'नव्यांनी चाल पुढे चालू ठेवली' हा, इतिहासकाराने जसाच्या तसा स्वीकारण्यासारखा नाही. क्लॅट्सॉप व टिलामुक लोकांशी १८५१ साली झालेल्या तहांना अमेरिकन सेनेटने कधीच मान्यता दिली नाही. त्यांची भूमी तहावाचूनच गेली. दक्षिणेकडे ९ नोव्हेंबर १८५५ च्या आज्ञेने किनारी जमातींसाठी सुमारे ११ लाख एकरांचे राखीव क्षेत्र काढण्यात आले. केप फाउलवेदर आणि ऑटर रॉक त्याच क्षेत्रात होते. १८६५ मध्ये त्याचा मधला पट्टा तोडला गेला, १८७५ मध्ये आणखी मोठे भाग गेले. अखेर १९५४ च्या कायद्याने पश्चिम ऑरेगनमधील जमातींशी संघराज्याचे असलेले नातेच संपुष्टात आणले. त्या यादीत क्लॅट्सॉप, टिलामुक आणि सिलेट्झ ही नावे आहेत. म्हणजे १९६९ साली न्यायालय ज्यांच्या चुलींच्या राखेवर सर्व जनतेचा हक्क उभारीत होते, ते लोक त्या क्षणी कायद्याच्या दृष्टीने जमात म्हणून अस्तित्वातच नव्हते. रूढीची परंपरा अखंड मानण्यात आली; रूढी पाळणाऱ्यांची परंपरा तोडण्यात आली होती. सिलेट्झ जमातसंघाला पुन्हा मान्यता मिळाली ती नोव्हेंबर १९७७ मध्ये, आणि १९८० साली परत मिळालेले क्षेत्र सुमारे ३,६०० एकर होते.

यावरून निकाल चुकीचा होता, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याने जनतेचा हक्क वाचविला, आणि त्या जनतेत जमातींचे वंशजही येतात. परंतु विधिज्ञाला अखंडता आवश्यक असते म्हणून इतिहासकारानेही ती मान्य केली पाहिजे, असे नाही. ऑरेगनच्या किनाऱ्याचा इतिहास सांगताना वेस्टपासून मॅक्‌कॉलपर्यंत एक सरळ, उज्ज्वल रेषा काढण्याची पद्धत आहे. त्या रेषेच्या मुळाशी असलेला हा तुटलेला दुवा लपविल्याखेरीज ती तशी काढता येत नाही.

रूढीच्या सिद्धांताची पुढील वाटचालही साधी नाही. १९८९ साली 'मॅक्‌डॉनल्ड विरुद्ध हॅल्व्हर्सन' या खटल्यात त्याच न्यायालयाने एका लहानशा खाचेतील वाळूला हा सिद्धांत लागू करण्यास नकार दिला. लोकांचा तसा प्रत्यक्ष वापर तेथे सिद्ध झालेला नव्हता. १९९३ साली उलटपक्षी कॅनन बीच येथील जमीनमालकांना कोरड्या वाळूवर समुद्रभिंत बांधू देण्याचे न्यायालयाने नाकारले : इतरांना वगळण्याचा हक्क त्यांना मुळात कधी नव्हताच, तेव्हा तो हिरावून घेतल्याची भरपाई कसली? हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेले असता १९९४ मध्ये त्याने ते ऐकण्याचे नाकारले; न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी मात्र भिन्न मत नोंदवून, राज्याचे न्यायालय रूढीच्या नावाखाली मालमत्तेचा कायदाच नव्याने लिहीत आहे काय, अशी शंका व्यक्त केली. दोन्ही निकाल एकत्र वाचले म्हणजे दिसते की, हा हक्क कोणत्याही वाळूला आपोआप चिकटलेला नाही. जेथे माणसे गेली, बसली आणि वावरली, तेथेच तो आहे.

कॅनन बीचच्या दक्षिणेस ऑस्वल्ड वेस्टच्या नावाचे राज्य-उद्यान आहे, आणि बातमीदार क्रेमरच्या स्मरणार्थ बसविलेला फलकही तेथेच आहे. उद्यानातील शॉर्ट सँड नावाची पुळण दोन भूशिरांच्या कुशीत असल्यामुळे उत्तरेच्या वाऱ्यापासून काहीशी सुरक्षित आहे, आणि म्हणून सर्फिंग करणाऱ्यांची ती विशेष आवडती. तेथवर मोटार जात नाही. महामार्गाच्या कडेला गाडी ठेवून, ओल्या स्प्रूसच्या रानातून ओढ्याच्या काठाने, फळी डोक्यावर किंवा काखेत घेऊन पायवाटेने उतरावे लागते. वाट पुष्कळ वापराने खोलगट झाली आहे.